सरांनी हात कशासाठी वर केला

मी गाडीचं दार आपटलं, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. हे वाक्य गौरवग्रंथाला शोभत नाही, हे मलाही कळतं. पण आदरणीय वासुदेव सरांशी माझी खरी ओळख अशीच झाली. आणि शोभेचं लिहायला इतर मंडळी पुष्कळ आहेत.

होळीनंतरचा शिगमा नुकताच उलटला होता. मी कॉलेज अर्ध्यावर सोडून डिचोलीला घरी येऊन बसलो होतो. का सोडलं ते विचारू नका. प्राचार्यांच्या खोलीतून निघताना त्यांचंही दार मी आपटलं होतं, एवढं सांगतो. त्याच सुमारास फोंड्याच्या एका मुलीने मला ऐकवलं होतं, "तुझं सगळंच घाईचं. रागही घाईचा आणि प्रेमही." त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. तिचं नाव इथे लिहीत नाही. उगवत्या सूर्यासमोरून उडणारा पक्षी टिपायचा, तो फोटो तिला वाढदिवसाला द्यायचा आणि तिचं मत बदलायचं, असा माझा बेत होता. मावसभावाचा कॅमेरा उसना घेतला. पक्षी कुठे सापडतात हे मात्र मला ठाऊक नव्हतं. जो तो म्हणे, वासुदेव सरांना विचार.

सरांनी डिचोलीच्या शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर दर रविवारी काळोखातच मुळगाव नावाच्या आपल्या गावातल्या घरून निघायचं, जुन्या व्हॅनमधून रान, सडा, शेतं गाठायची आणि पक्ष्यांचे फोटो काढायचे, हा त्यांचा नेम. मी घरी जाऊन विचारलं. त्यांनी कॅमेरा कोणाचा, फोटो कोणासाठी, काही विचारलं नाही. "ये रविवारी. चप्पल नको, बूट घाल," एवढंच म्हणाले.

हळर्णच्या पुढे सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, व्हॅन थांबली. खाली नदीवर धुकं, पूर्वेला तांबूस रेघ. मी उतरलो आणि सवयीने धाडकन दार लावलं. समोरच्या गवतातून अख्खा थवा उठला आणि कालवा करत नदीपलीकडे गेला. सड्यावर एक पाखरू उरलं नाही.

"संपलां," सर म्हणाले. "गाडीचां दार नाय रे संदेश, आजचो दिवस बंद केलंस तू."

मला वाटलं, आता परत फिरणार. सरांनी मला पुन्हा गाडीत बसायला लावलं. "आता उतर. दार ओढ. हळू! म्हशीक ओढतस काय? आता तळव्यान दाब." टक्. "परत एकदा." मी पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो. तिकडे सूर्य वर येत होता आणि मी दार लावायला शिकत होतो. मी बोट दाखवून ओरडलो.

"सर, सूर्य! सूर्य चुकतोय!"

सर सूर्याकडे पाठ करून बसले होते. "तो खंय जाता? फाल्यांय थंयच उगवतलो. तेचो उजेड खंय पडता, तो बघ."

मी वळून पाहिलं. जांभ्या दगडाच्या खळग्यात आदल्या रात्रीचं दव साठलं होतं आणि त्यावर उजेड आला होता. दगड भिजल्या कुंकवासारखा दिसत होता. तिथे टिटवी आली. पाणी प्यायली, मान वळवून आमच्याकडे पाहू लागली. मी कॅमेरा उचलला. सरांनी कॅमेऱ्याच्या काचेवर हात ठेवला.

"ती आपल्याक बघता. आता नको."

"मग कधी?"

"ती आपल्या कामाक लागली की."

सरांच्या सगळ्या कामाचं सार या एका नियमात आहे. पक्षी आपल्याला विसरून स्वतःच्या उद्योगाला लागला, तरच बटण दाबायचं. ज्या फोटोत पक्षी कॅमेऱ्याकडे पाहतो, तो सर ठेवत नाहीत. घरट्याचा फोटो त्यांनी एकही काढलेला नाही. बक्षिसं कशाला मिळतात ते सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे सरांना एकही बक्षीस मिळालेलं नाही, हेही ओघाने आलंच. मिळालेलं नाही याचा सरांना खेद नाही. मला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पुढे मी एकट्याने जाऊन एक फोटो मिळवलाच. सूर्याच्या लाल गोळ्यासमोर पंख फाकलेला खंड्या. हा फोटो बघून ती माझ्याशी पुन्हा बोलेल, अशी माझी खात्री होती. सरांना अभिमानाने दाखवला, तिच्यासाठी आहे हेही सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून, अगदी जवळ धरून पाहिला.

"दगड मारलंस?"

"छोटा होता, सर. त्याला लागला नाही."

"ह्यां पाखरू भियेलां आसा. भियेल्या जिवाचो फोटो देवन मोग करतस रे?"

ओरडले असते तर मी उलट बोललो असतो. पण ते आत गेले, काकूंना म्हणाले, "संदेशाक उंडे आणि पातळभाजी वाढ, तो जळता आसा," आणि माझ्यासमोर बसून मी पोटभर खाईपर्यंत उठले नाहीत. तो फोटो मी तिला दिला नाही. त्याऐवजी सड्यावरच्या खळग्याचा फोटो दिला. दव, उजेड, कडेला टिटवीच्या पायांचे ओले ठसे. तिने तो ठेवून घेतला. "हा तू काढलास?" असं विचारलं. त्यानंतर अजून काही बोललेली नाही, पण ठेवून घेतला.

सरांच्या मुळगावबद्दलही लिहिलं पाहिजे. गावच्या शेताचा फोटो सर दर वर्षी एकाच बांधावर उभे राहून, सूर्योदयालाच काढतात. पहिल्या फोटोंत बगळे, हिरवीगार शेतं आणि मागे पुरता डोंगर. मग डोंगराला खाणीचा चावा बसतो, मग शेतात तांबडा गाळ येतो, मग बगळे कमी होतात. एकदा कोणा हौशी मंडळींनी त्यातला एक फोटो कॅलेंडरसाठी मागून नेला. कॅलेंडर आलं, तर त्यात नुसता सूर्य आणि बगळा. खणलेला डोंगर कडेने कापून टाकलेला! सरांनी त्याची कापलेली कड बोटाने चाचपली. मग म्हणाले, "डोंगर कापलो तो कापलो. फोटोतलोय कापूचो?" त्या दिवशीही ते कोणाशी भांडले नाहीत. सरांच्या वाट्याचा राग कोणीतरी करायला हवा, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

आता त्या दिवसाबद्दल, ज्यासाठी मी लेखणी हातात घेतली.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपल्या गौरव समितीने सड्यावर सूर्योदय आणि पक्षी छायाचित्रणाची सहल नेली. बस, त्यामागे गाड्या. गाड्यांची दारं धडाधड लागत होती. एका गाडीवर कर्णा बांधलेला, त्यावर भूपाळ्या चालू. टिटव्यांचे अंडी घालायचे दिवस. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या सड्यावर खड्यांमध्ये अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. हे मी समितीला आधी सांगितलं होतं. "अरे, आमी काय पाखरांक खातो काय?" असं उत्तर मिळालं.

आणि मग जे झालं ते लिहिताना अजूनही माझे कान तापतात. सरांना उडत्या पक्ष्याचा फोटो मिळावा म्हणून समितीतली मंडळी ओळीने पुढे सरकली आणि टाळ्या वाजवू लागली. "सर, तुमी कॅमेरा धरून राव्हा! आमी तुमकां उडवन दितो!" पक्ष्याला घाबरवायचं नाही म्हणून ज्यांनी आयुष्यभर हात आवरला, त्यांना पंचाहत्तराव्या वर्षी ही भेट! मनात वाईट कोणाच्याच नव्हतं, हे मला मान्य आहे. त्यानेच तर माझा संताप जास्त होतो.

टिटव्या उठल्या. सरांच्या डोक्यावर झेप घेत किंचाळू लागल्या. सरांनी कॅमेरा खाली सोडला, उजवा हात वर केला आणि ओरडले, "थांबा! फाटी सरा! अंडी आसत!" कर्ण्यामुळे कोणालाच ऐकू गेलं नाही. मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. नेमक्या त्याच क्षणी अध्यक्षांनी फोटो काढला.

त्यानंतर सर त्या अंड्यांच्या आणि गाड्यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. शेवटची गाडी फिरून रस्त्याला लागेपर्यंत उन्हात उभे होते. बसच्या खिडकीतून कोणीतरी म्हणालं, "बघा, सर निसर्गात कसे रमले." सगळे गेल्यावर सर लांब जाऊन व्हॅनच्या सावलीत बसले. टिटवी चालत चालत आली, इकडेतिकडे पाहून अंड्यांवर बसली. तेव्हा कुठे सरांनी माझ्याकडे पाणी मागितलं.

"सर, आता काढा. कामाला लागली ती."

"आज नको," सर म्हणाले. "आज तिका माणसां पुरे झाली."

अध्यक्षांचा तो फोटो या ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी निवडला गेला. सरांचा वर गेलेला हात, मागे सूर्य, माथ्यावर पक्षी. खाली ओळ : 'उगवत्या सूर्याला वंदन करताना वासुदेव सर.' जो माणूस सूर्याकडे पाठ करून बसतो, तो वंदन करताना! जो हात 'थांबा' म्हणत होता, तो हात जोडल्यासारखा केला.

मी तडक सरांच्या घरी गेलो. सर झाडांना पाणी घालत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छापूंदेत रे. हौसेन करतत. माझो हात आसा, अर्थ तेंचो." सर क्षमा करतात, तो त्यांचा मोठेपणा आहे. तो माझ्यात नाही. हा ग्रंथ वाचून उद्या पोरं सड्यावर जातील आणि टाळ्या वाजवतील, कारण सरांच्या डोक्यावर पक्षी असेच आले होते, असं त्यांना वाटेल.

सरांना दीर्घायुष्य लाभो. त्यांचे गुडघे सडा चढण्याजोगे राहोत, डोळ्यांना पहाटेचा उजेड पुरत राहो, आणि ते जिथे बसतील तिथे त्यांच्या मागे कोणीही टाळ्या वाजवत येऊ नये.

इथवरचा लेख मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवला. पुढचं नंतर लिहिलं आहे, कारण संपादक कुमुदताई म्हणाल्या, "तेंय लिही, मी छापतंय."

वाचून झाल्यावर मी कागद सारखे केले. मग अध्यक्ष म्हणाले, "लेख बरो आसा. ते सहलीचां काढ. फोटो तोच रवतलो." आणि चष्मा पुसत हळूच पुढे, "संदेश, तुका फोंड्याक येवचां आसा मरे आमच्याकडे? मग विचार करून बोल."

अध्यक्ष फोंड्याच्या त्या मुलीचे मामा. तिच्या घरात त्यांचा शब्द चालतो. हे डिचोलीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते काय म्हणाले हेही सगळ्यांना कळलं.

मी विचार केला. खरंच केला. मग कागद कुमुदताईंसमोर मेजावर ठेवले. म्हटलं, "मामा, त्या फोटोत सर 'थांबा' म्हणताहेत. तेवढं खाली छापा. नाहीतर हा लेखही नको आणि माझं नावही नको."

"नाय छापलां तर?"

"तर नाही."

त्यांनी काय ठरवलं, ते ग्रंथ मिटून मुखपृष्ठ पाहिलंत की तुम्हालाच कळेल. मी थांबलो नाही. उठलो, बाहेर आलो. पाठीमागे सगळे माझ्याकडे पाहत होते. पोरगा आता काय करणार, ते त्यांना ठाऊक होतं. मी दाराची कडी धरली, ओढलं, हळू, आणि तळव्याने दाबलं.

टक्.