न पिकलेली साक्ष

रविवारी आमच्या चर्चमध्ये ताणतणावावर शिबिर होतं. बाहेरून आलेले समुपदेशक माईक फिरवत होते. मागच्याच महिन्यात नवरा गेलेल्या शालिनीताईंसमोर ते थांबले. "ताई, प्रभूने या दुःखातून कसं बाहेर काढलं, साक्ष द्या." त्या उभ्या राहिल्या. बाकाची कड घट्ट धरली.

माझं डोकंच फिरलं. माणसाच्या दुःखाला मुदत घालून देणारे हे कोण? उन्हाळ्याला कुणी म्हणतं का, की आटप आता, आम्हाला पाऊस दाखवायचाय?

आणि त्या बाकाकडे बघताना मला आमच्या जुन्या पाळकांच्या पत्नी, पाळकीणबाई, आठवल्या. पप्पा गेले तेव्हा मंडळीने आईलाही असंच साक्षीला उभं केलं होतं. पाळकीणबाई वाजवायची पेटी सोडून उठल्या, आईशेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हिची साक्ष अजून पिकली नाही. बसू द्या हिला." मग कितीतरी दुपारी त्या घरी यायच्या आणि आईबरोबर मेथी निवडत बसायच्या. प्रार्थना अगदी शेवटी, तीही लहानशी. आई कधी हसायची, कधी रडायची. पाळकीणबाई दोन्हीला नुसतं "बरं" म्हणायच्या. ती मेथीच्या वासाची दुपार कुठल्या शिबिरात मिळते?

"दोन शब्द तरी?" समुपदेशकांनी पुन्हा विचारलं.

बायकांच्या बाजूने माझी आई उठली. शालिनीताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अजून पिकली नाही, साहेब. बस गं शालिनी. उद्या दुपारी येते मी. मेथी आणून ठेव."