चाचणी बाकी

बोलण्याआधी तो तर्जनी वर करायचा. "बाई, आधी एक मशीन." बोट वर्गात परवानगी मागणाऱ्या मुलासारखं वर. मी एकदा म्हटलंही, "बसा खाली, कळलं." तो हसला, पण बोट काही खाली आलं नाही.

मुलांनो, मी इथल्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका होते, तेव्हा तो डिंडोलीहून आमचे बारा संगणक सांभाळायला यायचा. त्याचे वडील खानदेशातून इथे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेले. फोनवर घरच्यांशी अहिराणी, शिपायाशी गुजराती आणि माझ्याशी अगदी जपून पुस्तकी मराठी. की-बोर्डला हात लावण्याआधी हात धुवायचा. माझ्यासारख्या बाईला तो आवडायला एवढं पुरेसं होतं.

संगणकात सिस्टिम नव्याने टाकली की तिच्या पुढच्या सगळ्या दुरुस्त्या नंतर इंटरनेटवरून उतरवाव्या लागत. आमच्या नेटवर एकेका मशीनचा दिवस जायचा. हा त्या दुरुस्त्या घरीच मूळ प्रतीत मिसळून एकच डिस्क तयार करून आणायचा.

"मीठ कणकेतच घालायचं, बाई. पोळीवर भुरभुरून काय उपयोग?" मग बोट वर. "पण मीठ चुकलं तर सगळ्याच पोळ्या बिघडतात. आधी एक खाऊन बघायची."

एकदा व्हायरसने बाराही मशीन आजारी पडल्या. तो शनिवारी नवी डिस्क घेऊन आला. दहावीचे फॉर्म भरायचा शेवटचा दिवस सोमवार. आज एकाच मशीनवर टाकतो, सोमवारी सकाळी बघून बाकीच्या करतो, असं त्याचं म्हणणं होतं. मला अर्धवट काम सहन होत नाही.

"संध्याकाळपर्यंत बाराही तयार हव्यात," मी म्हणाले.

त्याने बोट वर केलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली घेतलं.

सोमवारी बाराही मशीन सुरू होत आणि आपोआप बंद पडत. मिसळलेली एक दुरुस्ती आमच्या जुन्या मशीनना मानवली नव्हती. शिक्षकांनी पर्वत पाटियाच्या सायबर कॅफेत बसून फॉर्म भरले. एकाही मुलाचं वर्ष गेलं नाही. तेवढ्यावर सुटलो, असं मला वाटलं.

आठवड्याने विश्वस्तांनी त्याला माझ्या कार्यालयात बोलावलं. चाचणी न घेता सगळीकडे कसं टाकलं, अध्यक्षांनी विचारलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी समोरचे कागद सारखे करत होते.

"चूक माझी आहे, साहेब," तो म्हणाला.

त्याचं काम त्याच दिवशी सुटलं. जाताना तो मला नमस्कार करून गेला. पुढे पाच-सहा महिन्यांनी मी डिंडोलीला त्याच्या खोलीवर गेले, तेव्हा दुसरंच कुटुंब राहत होतं. ते लोक गावी गेले, एवढंच शेजारीण सांगू शकली.

तुम्ही मागे आलात तेव्हा माझ्या कपाटातली ती डिस्क कसली, असं विचारलं होतंत. वापरलेली प्रत्येक डिस्क कार्यालयात जमा करायची, हा माझाच नियम. त्या शनिवारी संध्याकाळी त्याने ती माझ्या हातात दिली आणि मी खणात ठेवली. विश्वस्तांच्या बैठकीतही ती तिथेच, माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होती. काळ्या पेनाने, नीट अक्षरात, त्याने तिच्यावर लिहिलं होतं: चाचणी बाकी.