भावोजींनी निकाली काढलेला दिवा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, एकतीस वर्षं एकाच कचेरीच्या तक्रार विभागात होते. लोकांचे अर्ज यायचे, भावोजी ते फाइलला लावायचे, आणि अर्जदार हेलपाटे घालून घालून कंटाळला, यायचा बंद झाला, की अर्जावर 'निकाली' असा शिक्का मारायचे. या कर्तबगारीबद्दल निवृत्तीच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. ते आठवड्याला दहा मिनिटं मागे पडतं. त्याबद्दल कोणी बोललं की भावोजी म्हणतात, "आता घाई कसली आहे?"

मी बावीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवते. भावोजींच्या खिजगणतीत ते नाही. गाडीविषयी ते मला कधी विचारत नाहीत, सांगतात. क्लच म्हणजे काय हेही त्यांनी मला एकदा जेवताना चमच्याने दाखवलं होतं. मीही त्यांच्याविषयी काही बरं मत बाळगून नाही, हे इथेच सांगून टाकते.

त्यांची गाडी सतरा वर्षांची. महिन्याभरापूर्वी तिचा हँडब्रेकचा लाल दिवा लागला तो विझेचना. भाचीला सोमवारपासून टेकडीपलीकडच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. रोज हीच गाडी घेऊन ती तो लांबलचक उतार उतरणार होती. तेव्हा त्याआधी दिव्याचं काहीतरी करा, असं ताईने भावोजींना सांगितलं. मेकॅनिककडे जायचा प्रश्नच नव्हता, कारण भावोजी घरी होते.

रविवारी सकाळी मी भाचीला उताराचा सराव द्यायला गेले. गाडीत बसते तो काय, डॅशबोर्डवर दिव्याच्या जागी काळी चिकटपट्टी! नखाएवढी, कात्रीने कोपरे छान गोल केलेली.

"भावोजी, हे काय?"

"दुरुस्ती," ते म्हणाले आणि घरातून वही घेऊन आले. कचेरी सुटली तरी वही सुटलेली नाही. त्यांनी खिडकीशी उभं राहून मला अहवाल वाचून दाखवला. पहिला दिवस: हँडब्रेक वीस वेळा वर-खाली केला, दिवा कायम. दुसरा दिवस: शेजाऱ्यांचा सल्ला घेतला, सल्ला निरुपयोगी. तिसरा दिवस: हँडब्रेकच्या दांड्याचं कव्हर काढलं, स्क्रू तीन निघाले, दोन बसले. चौथा दिवस: दांड्याखालच्या, दिवा लावणाऱ्या बटणाची वायर काढून ठेवली, दिवा कायम. पाचवा दिवस: दिवा सदोष असल्याचं आढळल्याने झाकला. निकाली.

तिसऱ्या दिवसापर्यंत मी मनातल्या मनात हसत होते. चौथ्या दिवसाला माझं हसू गेलं.

"थांबा. वायर काढल्यावरसुद्धा दिवा लागलेलाच होता?"

"लागलेलाच. म्हणजे खोट दिव्यातच. साधा तर्क आहे."

"अहो, तो दिवा दोन कामांचा असतो! हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो आणि ब्रेकचं ऑइल कमी झालं तरी लागतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं."

"या गाडीबरोबर पुस्तिका आलीच नव्हती."

मी समोरचा कप्पा उघडला. पुस्तिका तिथेच होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सतरा वर्षांत एकदाही न उघडलेली. खराब होऊ नये म्हणून आपणच तशी ठेवली होती, असं मग त्यांना आठवलं.

मी उतरून बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या डबीवर दोन रेघा असतात. ऑइल खालच्या रेघेच्याही खाली, तळाला गाळ राहावा तेवढं उरलं होतं. मग जमिनीवर बसून एकेक चाक पाहिलं. मागचं डावं चाक आतून ओलं होतं. बोट लावलं तर बोटाला तेल लागलं. ब्रेक तिथून गळत होता, आणि दिवा महिनाभर तेच ओरडून सांगत होता. यांनी त्याचं तोंड चिकटवलं. मला इतका संताप आला की बोट त्यांच्याच सदऱ्याला पुसावंसं वाटलं.

"उद्या पोरगी ही गाडी घेऊन उतार उतरणार होती," मी म्हटलं. "कळतंय का तुम्हाला?"

"उगाच बाऊ करू नकोस. गाडी थांबते ना? तुझी ताई रोज बाजारात नेते. तिची काही तक्रार नाही."

ताई अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. हातातली चादर तिने नीट घडी केली आणि मग बोलली.

"पेडल खाली जातं म्हणून तीनदा सांगितलं यांना. म्हणाले, तुझ्या पायातच जोर राहिला नाही."

"मग तू थांबवतेस कशी?"

"हँडब्रेकने. लांबूनच हळू करते, गिअर उतरवते आणि शेवटी दांडा ओढते. पंधरा दिवस झाले. आता जमतं मला."

"आई!" भाची ओरडली.

मग मी भावोजींना सोडलं नाही. एकतीस वर्षं लोकांच्या तोंडावर शिक्के मारलेत, म्हटलं, आणि आता घरच्या माणसांच्या तोंडावर मारताय. बायको जीव मुठीत धरून गाडी चालवते आणि तुम्ही कोपरे गोल कापत बसता! माणूस आहात की टपालपेटी? भावोजी वहीकडे बघत राहिले. माझं बोलणं अंगणाबाहेर ऐकू जात होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

"पुरे," ताई म्हणाली. "तुलाही फोन केला होता मी."

मला आठवलं. शिकवणी चालू होती, शेजारी शिकाऊ बाई चौकातच गाडी बंद पाडून बसल्या होत्या, आणि फोनवर ताई म्हणत होती की पेडल फार खाली जातंय गं. "ताई, पाय नीट दाब," मी म्हटलं होतं, "तुला शिकवता शिकवता माझे केस पिकले." त्या बाईही हसल्या होत्या. मग मी फोन ठेवला होता आणि परत काही केला नव्हता.

ताईने भावोजींच्या हातातून किल्ली घेतली. मी हात पुढे केला होता, पण किल्ली तिने स्वतःच्या खिशात टाकली.

"मेकॅनिकला मी बोलावते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं आत जाऊन बसा."