डेप्युटेशनवर गेलेली नस

रामटेके काकांना कुठलीही वस्तू बंद पडली की आनंद व्हायचा. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत कुणाचा गीझर बिघडला की मेकॅनिकच्या आधी काका हजर. दुरुस्ती त्यांना येत नसे, हे आधीच सांगते. आत काय चाललंय तेवढंच त्यांना बघायचं असायचं. "घाई काय आहे? आधी बघू तर दे," हे ठरलेलं वाक्य. मूळचे भंडाऱ्याचे, नोकरी दिल्लीत केंद्र सरकारची. मी त्यांच्या शेजारी वाढले. आता काका-काकू दोघं नागपूरला लेकाकडे गेलेत, आणि आमचा मजला अगदी सुना वाटतो.

एका उन्हाळ्यात त्यांचा स्वतःचाच उजवा डोळा मधेमधे बंद पडायला लागला. उन्हात बाल्कनीत गेले की समोर करडा पडदा उतरायचा, थोड्या वेळाने निघून जायचा. दुसरा कुणी हबकला असता. काका मला हाक मारून म्हणाले, "बेटा, गंमत बघ. पडदा वरून खाली येतो. बाजूने का येत नाही?"

"डोळा गेला की मग त्यालाच विचारा," काकू स्वयंपाकघरातून कडाडल्या. शेवटी त्यांनीच काकांना हाताला धरून गाडीत बसवलं. गाडी मी चालवली.

तपासण्या झाल्या. मानेतून मेंदूकडे जाणारी उजवी रक्तवाहिनी पार बंद झाली होती, आणि ती उघडण्यासारखी नव्हती. मेंदूला रक्त कमी पडत होतं, डोळ्यालाही. डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. कानापुढून डोक्याच्या कातडीला रक्त नेणारी एक नस असते. ती सोडवायची, कवटीला भोक पाडून आत न्यायची आणि मेंदूतल्या नसेला जोडायची. गेलेली नजर परत येईलच असं नाही, उरलेली वाचवायची. काकूंनी पदर तोंडाला लावला.

काकांनी विचारलं, "अच्छा, तो इस नस का पुराना काम कौन करेगा?"

"आसपास की नसें सँभाल लेंगी," डॉक्टर हसले.

"म्हणजे डेप्युटेशनच की," काका काकूंकडे वळले. "माणूस दुसऱ्या खात्यात, टेबल शेजारच्याकडे. चालतं, बिल्कुल चालतं." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

ऑपरेशन पार पडलं. नस दबू नये म्हणून त्या बाजूला चष्म्याची काडी घट्ट नको, टोपी नको, त्या कुशीवर झोपणं नको. काका मात्र खुशीत. येईल त्याला कानापुढे बोट ठेवायला लावायचे. "उडतेय ना? इथून पुढे ती आत जाते." पेपरवाल्यानेसुद्धा बघून घेतली. काकू काही हात लावेनात. "मला नका दाखवू ते," म्हणायच्या आणि उठून जायच्या.

पुढे एका दुपारी काका भर उन्हात बाल्कनीत जाऊन उभे राहिले. आम्ही दोघी मागे. डावा डोळा तळहाताने झाकून ते समोरच्या इमारतीकडे बघत राहिले.

"येत नाहीये," काका म्हणाले. "थोडं धूसर आहे, पण पडदा येत नाहीये."

काकू खुर्चीत बसल्या. "तुम्हाला कधी भीतीच वाटली नाही का हो?"

"रोज वाटायची. म्हणून तर एवढं विचारत होतो."

काकू उठल्या आणि काकांच्या कानापुढे त्यांनी हलकेच बोट ठेवलं. बराच वेळ ते काढलं नाही. काकाही, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, काही न विचारता उभे राहिले.