पापणी न लवणारा विश्वासदादा

विश्वासदादा मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो अंधारात, काळा चष्मा लावून, आईच्या शिलाई मशीनवर बसून गाडी चालवत होता. यातला एकही शब्द मी वाढवून सांगत नाहीये. मी सांगोल्याहून नुकताच आलो होतो. कुरिअर ऑफिसात नोकरी लागली होती आणि नायगावच्या बीडीडी चाळीत मावशीकडे राहत होतो. मावशीने वाटीत वड्या देऊन शेजारच्या इंदूकाकूंकडे पाठवलं. काकू खोलीबाहेर पॅसेजमध्ये, बल्बखाली पाट टाकून साडीला फॉल लावत होत्या.

"आत ठेव," काकू म्हणाल्या. "पण ट्यूब लावू नकोस हं. रेस चालूये."

"कसली रेस?"

"मला काय विचारतोस? मी हद्दपार आहे."

आत काकूंच्या मशीनच्या फळीला स्टिअरिंग आवळून बसवलेलं. मशीनच्या पायट्याशेजारी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. समोर मोठा स्क्रीन, त्याच्यावर परदेशातला कुठलातरी रस्ता. आणि प्लास्टिकच्या खुर्चीत चाळिशीला टेकलेला एक माणूस, बोटं कापलेले हातमोजे घालून, मान तिरकी करून बसलेला. तोंडाने गिअरचे आवाज काढत होता. कॉम्प्युटर आवाज काढत होताच, पण याला तो कमी पडत असावा.

"कोण?"

"शेजारचा. वड्या आणल्यात."

"गाव?"

"सांगोला."

"बस, सांगोला. डेप्थ दाखवतो तुला."

तेव्हापासून मी त्याच्यासाठी सांगोलाच. माझं खरं नाव त्याने कधी विचारलं नाही.

त्याचं सगळं सामान जुनं, सेकंडहँड. स्क्रीनवर दोन चित्रं एकावर एक, जराशी सरकवलेली. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर सगळं डबल दिसायचं, ताप आल्यासारखं. चष्मा लावला की तो एकदा डावा डोळा झाकायचा, एकदा उजवा, पण इतक्या झटपट की आपल्याला पत्ता लागत नाही. एका डोळ्याला एक चित्र, दुसऱ्याला दुसरं, की झाली खोली तयार. ट्यूबलाइट चालू असली तर चष्म्यातून ती फडफडते, म्हणून काकू पॅसेजमध्ये. आता लोक डोक्याला व्हीआरचा पूर्ण डबाच लावतात, त्याची त्याला फार चीड. "ते काय, मिक्सरचं भांडं घालून बसायचं? चष्म्यात रुबाब आहे."

त्याने मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि मी चष्मा लावला. आईशप्पथ, स्क्रीनची काच गायबच झाली. रस्ता लांब आत गेला, थेट पलीकडच्या खोलीपर्यंत. वळणावर एक खांब सुटला तो सरळ माझ्या नाकावर, आणि मी खुर्चीसकट मागे. वड्या खाली.

विश्वासदादा इतका खूश झाला की त्याने गेम थांबवला. "घाबरला. सगळे घाबरतात. ऑफिसातला मेहता तर ओरडला होता. मला बघ आता." त्याने चष्मा लावला, त्याच खांबाच्या दिशेने गाडी घातली, धाडकन आपटवली आणि माझ्याकडे वळला. "लवली पापणी? नाही ना? याला नर्व्ह लागते, सांगोला."

ही नर्व्ह आम्ही रोज ऐकायचो. परळला एका कंपनीत तो अकाउंट्समध्ये होता, पण सांगायचा असं की ते ऑफिस म्हणजे दोन रेसमधली विश्रांती. टॅक्सीत बसला की ड्रायव्हरला शिकवायचा, "वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. बाहेरून आत यायचं." हिंदमाताच्या सिग्नलला, जिथे गाडी मुळात हलतच नाही, तिथे. एका टॅक्सीवाल्याने विचारलं, "साहेब, आपकी कौनसी गाडी है?" तर म्हणाला, "अभी पार्किंग का वेट कर रहा हूँ."

हे मात्र खरं होतं. आवारातल्या आधी पाडलेल्या चाळींच्या जागी आमच्या चाळीसाठी टॉवर उभा राहत होता, आणि टॉवरमध्ये पार्किंग. चाळीत तोपर्यंत सायकल उभी करण्यावरून भांडणं व्हायची आणि आता प्रत्येक जण पार्किंगच्या गप्पा मारत होता. विश्वासदादा सगळ्यांच्या पुढे. त्याने कर्ज काढून सेकंडहँड गाडी घेऊनच टाकली. चंदेरी, लहानशी. लायसन नव्हतं. गाडी मैदानाच्या कडेला कव्हर घालून उभी, आणि रविवारी हा कव्हर काढून आत बसायचा, रेडिओ ऐकायचा आणि परत कव्हर घालायचा.

पण त्यामागे एक गोष्ट होती, आणि ती त्याने चेष्टा न करता सांगितली होती. काकू लग्न होऊन या चाळीत आल्या त्या टेम्पोत, मागे गाद्यांवर बसून. "जाताना आई पुढच्या सीटवर बसेल," तो म्हणायचा. "माझ्या गाडीत. मी चालवणार. सगळ्या चाळीसमोर." टॉवर त्याच आवारात होता. चालत गेलं तर चहा गार झाला नसता. पण तसं बोलायची कुणाची हिंमत नव्हती. काकूंनी नवीन साडीसुद्धा बाजूला काढून ठेवली होती.

राहता राहिलं गाडी शिकणं. मोटार ट्रेनिंगचे गावडे मास्तर मालवणी, शांत माणूस. पहिल्या दिवशी विश्वासदादा हातमोजे घालून गेला. मला मागच्या सीटवर बसवलं, साक्षीदार म्हणून. पाच मिनिटांत गाडी उसाच्या रसाच्या गाड्याला टेकली. दुसऱ्या दिवशी पोलीस क्वार्टर्सपाशी एका हवालदाराची स्कूटर आडवी झाली. हवालदार घरी जेवत होता म्हणून आम्ही आज बाहेर आहोत. तिसऱ्या दिवशी समोर टेम्पो उभा, आणि हा आपला चालला संथपणे त्याच्याकडे, अगदी देवदर्शनाला निघाल्यासारखा. मास्तरांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

"अरे बाबा, तो टेम्पो चित्रातलो न्हय. खरो आसा."

"दिसतोय मला, मास्तर."

"दिसता तर थांबत कित्याक नाय?"

"अजून लांब होता."

मास्तर खाली उतरले. टेम्पो आणि बंपरच्या मध्ये त्यांची काडीपेटी गेली नाही. ते परत येऊन बसले आणि म्हणाले, "तुका भीती वाटत नाय, हो तुझो प्रॉब्लेम आसा."

विश्वासदादाने हे सर्टिफिकेट समजून घरी सांगितलं. आणि टेम्पोचं कारण? "गाडीच्या काचेचं सेटिंग चुकलंय, सांगोला. खऱ्या रस्त्याला डेप्थच कमी आहे." हे वाक्य मी तिथल्या तिथे पाठ केलं. असा माल रोज मिळत नाही.

कारण माझा धंदा तोच. सांगोल्याच्या शाळेत हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो, सगळ्यांचा मार खायचो. नक्कल आवाजाने होत नाही, सवयीने होते. विश्वासदादाच्या सवयी म्हणजे खजिना. मान उजव्या खांद्याकडे तिरकी. चहा ओतताना किटली आधी कपाच्या काठाला टेकवायची, मगच ओतायचं. मैदानात क्रिकेट असलं की हा कायम अंपायर, कारण "कॅच घेणं हे माझ्या लेव्हलचं काम नाही." आणि वळण आलं की डावा डोळा बंद, चष्म्याच्या कडेतून मला दिसायचा. नेम धरल्यासारखा. मी हे सगळं आरशासमोर घोटत होतो, फक्त ते कशाचं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

चाळ रिकामी करायच्या आधी मैदानात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. संध्याकाळची वेळ, खुर्च्या, समोसे, माईक. मावशीने मला ढकललं. मी चाळीतल्या सेक्रेटरीची नक्कल केली, पाण्यावरून भांडणाऱ्या बायकांची केली आणि शेवटी विश्वासदादाचा काळा चष्मा नाकाच्या शेंड्यावर लावला. एवढं बघूनच लोक लोळायला लागले. मी खुर्चीत बसलो, मान तिरकी केली, तोंडाने गिअर टाकले, वळण आलं, डावा डोळा मिटला. "लवली पापणी? नाही ना?" विश्वासदादा स्वतः सगळ्यात मोठ्याने हसत होता. "ऑस्कर, सांगोला, ऑस्कर," असं शेजारच्यांना सांगत होता.

इंदूकाकू हसत नव्हत्या. त्यांनी समोसा खाली ठेवला.

"ते परत कर," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, वन्स मोअर आला. मी परत केलं.

"डोळा तो खरंच मिटतो?"

"नेहमी. डावा. तुम्ही बघितलं नाही?"

"मी बाहेर असते ना," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं. काकूंनी ट्यूब लावली होती, त्या खोलीत ती चालू असलेली मी फारशी बघितली नव्हती. विश्वासदादा बनियनवर, भिंतीला टेकून उभा. समोर कॅलेंडर. काकूंनी त्याच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "वाच."

"आई, ऑफिसला जायचंय."

"वाच म्हटलं ना."

"दिसत नाहीये नीट. तुझा हात हलतोय."

"माझा हात त्या डोळ्यावर नाहीच, बाबा."

मग काकूंनी सांगितलं. पाच वर्षांचा असताना परळच्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा डोळा कामच करत नाही, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावा, म्हणजे तो करायला लागेल. शाळेतसुद्धा लावा. पोरं काण्या म्हणायला लागली. "एक पोरगा तर याच पॅसेजमध्ये हा कसा भिंतीवर आपटतो ते करून दाखवायचा. तुझ्यासारखाच होता, नकला करणारा. हा घरी येऊन रडायचा. मी पट्टी काढून फेकली. वाटलं, मोठा झाला की होईल सरळ. दिसायला तर काही नव्हतं, मग मीही विसरले."

विश्वासदादाला एवढं सगळं पहिल्यांदाच कळत होतं, तरी तो म्हणाला, "पण मला थ्रीडी दिसतं, आई."

हेच त्याने मग डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगितलं. मी बरोबर होतो. डॉक्टरीणबाई तरुण, माझ्यापेक्षा थोडीच मोठी.

"मॅडम, माझ्याकडे थ्रीडी चष्मा आहे. काढला की डबल दिसतं, लावला की एकच, क्लीन. म्हणजे थ्रीडी."

"ते डबल जाणं म्हणजे थ्रीडी नाही हो. एक डोळा झाकूनही तसंच दिसेल."

"मग थ्रीडी काय असतं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "खांब अंगावर येतो, दादा. म्हणून आम्ही ओरडतो."

"खांब मलाही दिसतो."

"मोठा होताना दिसतो," बाई म्हणाल्या. "आमच्यासारखा अंगावर येत नाही. म्हणून तुम्ही दचकत नसाल."

इतकी वर्षं ज्या नर्व्हच्या जोरावर त्याने मेहताला, टॅक्सीवाल्यांना आणि मला पिळलं, ती नर्व्ह अशी एका वाक्यात गेली. तो हातमोजे काढतात तसं एकेक बोट ओढत बसला. मग त्याने एकच विचारलं, "गाडी चालवता येईल? आईला न्यायचंय."

येईल, बाई म्हणाल्या. एका डोळ्यानेही लोक चालवतात. पण अंतर नव्याने शिकावं लागेल, आणि मुख्य म्हणजे मला सगळं दिसतंय हे डोक्यातून काढावं लागेल. मला वाटलं, डोळ्याचं ऑपरेशन सोपं, हे अवघड.

घरी येऊन त्याने स्टिअरिंग मशीनवरून सोडवलं. चष्मा माझ्या हातात ठेवला. "घे. माझ्या काय कामाचा. तुला कार्यक्रमाला लागेल."

"मी नाही करणार आता ते."

"का? चांगलं करतोस. पण मान जास्त वाकवतोस. मी एवढी नाही वाकवत."

निरोप झाला तरी टॉवरचा ताबा लांबत गेला आणि आम्ही चाळीतच राहिलो, ते बरंच झालं. गावडे मास्तरांनी त्याला पहिल्यापासून शिकवलं. आता पुढे साधं मांजर आलं तरी याचा पाय ब्रेकवर. मागचे हॉर्न वाजवून वैतागायचे, मास्तर खूश. "आता घाबरता. आता गाडी येतली." दोनदा नापास होऊन लायसन आलं.

चाव्या मिळाल्या त्या दिवशी काकू नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवर मशीनचं डोकं, कारण ते टेम्पोवाल्यांवर सोपवायचं नव्हतं. मी मागे, साक्षीदार. अख्खी चाळ बघत होती. हातमोजे नव्हते. गाडी इतकी हळू चालली होती की पोरं बाजूने चालत, खिडकीतून आत बघत गप्पा मारत होती. एकाने विचारलं, "दादा, ढकलू का?" त्याने पुढे बघत स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. कपाळावर घाम होता.

पार्किंग तळघरात. आमच्या जागेपुढे जाड, पिवळा-काळा पट्टा मारलेला खांब. त्याने गाडी सरळ केली आणि थांबला. खांब खूप लांब होता.

"ये पुढे," काकू म्हणाल्या. आयुष्यभर लोकांची मापं नुसत्या नजरेने घेतलेली बाई. "अजून हातभर आहे."

तो आला.

"अजून एक वीत."

तो इंचाइंचाने सरकला. मला मागून आरशात त्याचे डोळे दिसत होते. दोन्ही उघडे, आणि पापण्या फडफडत होत्या, काकूंच्या जुन्या ट्यूबसारख्या.

"घाबरलास?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग मार ब्रेक. चार बोटं राहिलीत."

त्याने मारला. मग खाली उतरून पुढे गेला, वाकला, बंपर आणि खांबाच्या मध्ये आपला हात घातला. चार बोटं बरोबर बसली. पाचवं जाईना. त्याने ते दोनदा करून बघितलं आणि मला हाक मारली.

"सांगोला, इकडे ये. डेप्थ बघ."