शिंपल्यांची शेवटची अंघोळ

हसणार न्हाई म्हनत असाल तरच सांगतो. हसलात तर चहा तुमच्याकडनं!

तर आमच्या ताईनं पाली गावातल्या शेततळ्यात मोत्याचे शिंपले पाळलेत. लई जीव! दोन स्थळं परत धाडली तिनं. कावून? तर म्हने, "माझ्या शिंपल्यांची ऑपरेशनं हायेत."

ऑपरेशन म्हंजे शिंपल्याच्या आत बारका मणी ठेवायचा, मग त्याच्यावर मोती चढतो. पहिल्या ऑपरेशनच्या सकाळी ताईनं टबातल्या पान्यात लवंगेचं तेल घातलं, शिंपले सोडले आन मला कायतरी नीट समजावून सांगितलं. मी मोबाईलात होतो. "हो" म्हनलो. ती हत्यारं उकळायला घरी गेली.

थोड्या वेळानं बघतो तर काय, सगळ्यांनी आ वासलेला!

ताईचा एक धडा तेवढा पाठ होता. बोट लावलं की जिता शिंपला मिटतो, मेलेला मिटत न्हाई. लावलं बोट. एक मिटंना, दुसरा मिटंना. चाळीसच्या चाळीस गेलेले!

फोन लावला. "ताई, सगळे गेले गं."

"कुठं गेले? मांजरसुंब्याच्या बाजाराला?" फोन बंद! आजवर इतक्या थापा मारल्यात, कोन इस्वास ठेवनार?

शेजारी सलीमचाचा आमची पान्याची मोटार दुरुस्त करत होते. ते आले, टब बघितला, चष्मा काढला. "या अल्लाह. आता?"

"लिंबाखाली पुरतो. ताईनं बघायच्या आत."

"असेच? अंघोळ तरी घाल बे!"

बरोबरच होतं. घरचेच होते ते. बादलीत स्वच्छ पानी घेतलं, एकेकाला हळू हातानं धुतलं, बादलीतच ठेवलं. चाचा खड्डा खांदायले, मी रडायलो. खरं खरं! मग पुरायला पहिला उचलला, आन त्यानं माझं बोट धरलं. टक्!

बादलीत बघतो तर एकेक तोंड मिटायलंय.

"चाचा, उठले!"

चाचांच्या हातातलं फावडं पडलं.

तेवढ्यात ताई आली, हातात हत्यारांचा ट्रे. मी वरडलो, "ताई, मेलेले जिते केले मी!"

तिनं बादली बघितली. खड्डा बघितला. चाचांकडं बघितलं. "येड्या, मेले कुठं होते? जबरदस्तीनं उघडलं तर मरत्यात, म्हनून तेलानं सैल केलते. तू धुवून जागे केलेस!"

"मग आता?"

"आता आराम करू दे त्यांना. परवा परत." तिनं ओढणीनं माझे डोळे पुसले. "आन परवा रडायचं आसंल तर लांब बसून रड. गोड्या पान्यातले हायेत ते. खारं चालत न्हाई त्यांना."