फणसाचा खटला आणि दोन घरांची मतं

वज्रेश्वरी-भिवंडी एसटीत ते वकील मला अजून दिसतात, काळा कोट उलटा घडी करून मांडीवर ठेवलेला. नाव मी कधी विचारलं नाही.

तरुणपणी मी बांधावरच्या फणसासाठी जावेवर खटला भरायला निघाले होते. पदर खोचून, जणू किल्लाच सर करायचाय. जाऊही त्याच गाडीत, तिचा वकील शोधायला. कोट बघून मी त्यांना सगळी हकिगत ऐकवली. त्यांनी जावेला माझ्याच बाकावर बोलावलं.

"फणस कापतं कोण?"

"मीच," मी म्हणाले. "हिला चीक सोसत न्हाय."

"आणि भाजी?"

"ती हिनंच करावी. चांगली करते, खोटं कशाला बोलू?"

अंबाडीचा थांबा येईस्तोवर आम्ही दोघी हसत होतो.

"तुमची फी बुडाली की," मी म्हणाले.

"निवडणुकीला उभा आहे, ताई. खटला जिंकला तर एका घराची मतं, मिटवला तर दोन घरांची."

आम्ही दोन्ही घरांनी मतं दिली. ते सपाटून पडले. पुढे गाडीत भेटले तेव्हा मी हळहळले, तर कोटावरची धूळ झटकत म्हणाले, "काय करणार, ताई? तुमच्या गावात भांडणंच कमी पडली."